निपाणीचं पाकीट आणि एक पानी निवेदन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून मी कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकते. सरकारदरबारी निवेदन घेऊन जायचं तर मागणी एकच ठेवा. पहिल्यांदा मी अकरा लिहिल्या; साहेबांनी कागदावर चहाचा कप ठेवला!

आता उदाहरणच देते. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणीशिवाय पोर्टलवर विकता येतं, पण राज्यातल्या राज्यात. म्हणजे गडहिंग्लजला पाकीट चालतं, अलीकडच्या, पण कर्नाटकातल्या निपाणीला नाही. म्हणून मागणी एकच: परराज्यातही विकू द्या. हे लगेच कळतं.

स्थानिक कर कार्यालयात हेलपाटे घालू नका. असा नियम बदलायची शिफारस केंद्र आणि राज्यांची जीएसटी परिषद करते, तिथं राज्याच्या वतीनं साधारण अर्थमंत्री बसतात. निवेदन आमदारांमार्फत त्यांच्याकडंच धाडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा आवक शिक्का मारून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला "कुठलं निवेदन, ताई?"