वसतिगृहातला फोन लागत नव्हता, तेव्हा

खोलीतल्या लँडलाइनवर घरचे फोन यायचे, पण माझ्याकडून एकही लागेना. डायल टोन स्वच्छ. नंबर दाबला की नुसती कट्-कट्, आणि टोन तसाच चालू. आईला परत फोन करता येत नाही, याचं फार वाईट वाटायचं.

आधी वायर बदलली. फरक शून्य. मग शेजारच्या खोलीतला फोन माझ्या सॉकेटला लावून पाहिला, तर लगेच लागला! म्हणजे लाइन ठीक, दोष यंत्रात. ही अदलाबदल मी आधीच करायला हवी होती.

फोन उलटा केला. खाली बारीक बटण, एका बाजूला पी, दुसऱ्या बाजूला टी. ते पी वर, म्हणजे पल्सवर होतं. पल्समध्ये ५ दाबला की लाइन ५ वेळा तुटते, ० ला १० वेळा. तीच ती कट्-कट्. टोनमध्ये प्रत्येक आकड्याचे दोन सूर एकदम जातात, ५ चे ७७० आणि १३३६ हर्ट्झ. आमच्या एक्स्चेंजला फक्त सूर कळत होते.

बटण टी वर सरकवलं. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९, मग घरचा नंबर. दुसऱ्याच रिंगला आईने उचलला.