ई-रीडरवर पटकथा वाचण्याआधी

सगळ्यात आधी पडद्याची रुंदी मोजा. सहा इंची ई-रीडरचे सहा इंच कर्णाचे असतात, रुंदी जेमतेम ३.६ इंच भरते. अमेरिकी पद्धतीच्या पटकथेच्या पीडीएफचं पान साडेआठ इंच रुंद आणि अक्षर १२ पॉइंटचं कुरियर, म्हणजे टाइपरायटरसारखं. ते अख्खं या पडद्यावर बसवलं की अक्षर पाच पॉइंटचं होतं, औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदासारखं. पण त्या पानात डावीकडे दीड आणि उजवीकडे एक इंच समास कोराच असतो. तो कापला की अक्षर सातच्या पुढे जातं, यंत्र आडवं धरलं तर साडेनऊच्या आसपास. मग एक पान दोन भागांत सरकवून वाचावं लागतं, चालेल. १०.३ इंची पडदा असेल तर समास कापून, यंत्र उभं धरूनच मूळ मापाचं अक्षर मिळतं.

समास कापायला संगणकावर ब्रिस किंवा केटूपीडीएफऑप्ट हे प्रोग्रॅम घ्या. केओरीडर हे वाचनाचं ॲप चालणाऱ्या यंत्रावर तिथल्या तिथेही होतं. शूटिंग ड्राफ्ट, म्हणजे चित्रीकरणासाठीची प्रत, असेल तर जरा थांबा. दृश्यांचे क्रमांक दोन्ही समासांत असतात आणि बदललेल्या ओळींपुढची तारका (*) उजव्या समासात. नुसती गोष्ट वाचायची असेल तर ते खुशाल जाऊ द्या.

पीडीएफचं ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलप्रकारात रूपांतर करायचा मोह मात्र आवरा. पटकथेत कोण बोलतंय आणि काय घडतंय हे डोळ्याला जागेवरून कळतं: संवाद मधल्या अरुंद पट्टीत, त्यावर पात्राचं नाव. रूपांतरात ही पट्टी मोडते, नाव संवादाला चिकटतं आणि एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा अंदाजही हातचा जातो. फाउंटन या पटकथांसाठीच्या प्रकारातली फाइल मिळाली तर गोष्ट वेगळी. ती साधा मजकूरच असते, हवी तशी मांडून घेता येते.

जुनी पटकथा बहुधा स्कॅन केलेली असते. एखाद्या शब्दावर बोट दाबून बघा. शब्द निवडला गेला नाही तर पान म्हणजे नुसतं चित्र आहे. मग काँट्रास्ट वाढवा. रंगीत कागदावरची सुधारित पानं काळ्यापांढऱ्या पडद्यावर करडी दिसतात, त्यांना तो जास्तच लागतो.

फाइल चढवली की शीर्षकपान बघून खूश होऊ नका, तिथे सगळंच छान दिसतं. मधलं संवादांनी भरलेलं पान उघडा आणि अर्धं तरी वाचून काढा.