डीएनए जुळणीत अनोळखी नाव आलं तर

अहवालात ‘दूरचा चुलत’ म्हणून एखादं नाव येतं, आडनाव कधी ऐकलेलं नसतं आणि शोध तिथंच अडकतो. आडनाव सोडा, गाव धरा.

१. आधी सेंटिमॉर्गनचा, म्हणजे दोघांचा किती डीएनए समान आहे त्या मापाचा, आकडा बघा. सख्खी चुलत, मावस भावंडं सरासरी ८५० च्या आसपास. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ असतील तर २३० च्या घरात. २० च्या खाली असेल तर नाद सोडा.

२. समोरच्याला पणजीचं माहेर विचारा. बायकांची आडनावं लग्नात पुसली जातात, माहेरचं गाव मात्र घरात कुणाच्या तरी तोंडी असतं. आमच्या आजीनं तूर पाखडता पाखडता गावाचं नाव ऐकलं अन् सूप खाली ठेवलं, “थे तं आपल्याच सोयऱ्यातले होय बाप्पा!”

३. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव सापडतं. पानं मोडी लिपीत असली तर वाचणारा सोबत न्या, नाहीतर हेलपाटा.

एक मात्र जपा: आते-मामे भावंडांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झालेल्या घरांत आकडा फुगतो. अहवाल जवळचं म्हणतो, नातं निघतं लांबचं.