शटर तिरकं होऊन मध्येच अडकत असेल तर

गॅरेजचं हाताने उचलायचं लोखंडी शटर दीड फुटावर अडकायचं. उजवी बाजू वर, डावी मागे, आणि घासल्याचा कर्कश आवाज. गाइडमध्ये, म्हणजे शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांत, ग्रीस भरलं, तर त्यावर धूळ चिकटून ते आणखी जड झालं. खालची पट्टी ठोकूनही फरक नाही. रोजच्या झटापटीचा खरंच वैताग आला होता.

दोष होता शटरच्या एका आडव्या पट्टीत. पट्टीला जागेवर धरणारं टोकाचं लॉक तुटलं की पट्टी आडवी सरकून गाइडच्या आत घासते.

आधी जुनं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, तळाची माती स्क्रूड्रायव्हरने खरवडा. मग दोघांनी दोन्ही टोकांना धरून शटर सावकाश उचला, सरकलेली पट्टी गाइडच्या वर येईपर्यंत. शटरखाली भक्कम लाकडी टेकू द्या. तो विसरू नका. शिडीवरून लाकडी ठोकळा लावून पट्टी शेजारच्या पट्ट्यांच्या रेषेत ठोका, टोकाची वळलेली कड पंचने (हातोडीखाली धरायच्या लोखंडी दांडीने) किंचित चेपा. शेवटी गाइडमध्ये फक्त सिलिकॉन स्प्रे.

आता शटर कमरेपर्यंत उचला, पकड सैल करा, पाय बाजूला ठेवा. जागीच थांबलं तर ठीक. धाडकन खाली येत असेल तर शटरचं वजन पेलणारी स्प्रिंग तुटली आहे किंवा सैल पडली आहे. ती ताणलेली असते, स्वतः उघडू नका; शटरवाल्यालाच बोलवा.