हात मोडल्यावर मैदानात परतताना या चुका टाळा

प्लास्टर निघालं म्हणजे हात बरा झाला, ही समजूत सगळ्यात महागात पडते. मनगटाजवळचं हाड साधारण ५-६ आठवड्यांत जुळतं, पण कबड्डीत पकड सोसण्याइतकं पक्कं व्हायला आणखी दोन-तीन महिने लागतात. पहिल्या काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा मोडण्याचा धोका जास्त.

जळगाव-भुसावळकडे आखाजीनंतरच्या उन्हात प्लास्टरखाली घाम साचतो, खाज सुटते आणि फूटपट्टी किंवा विणकामाची सुई आत जाते. कातडी सोलली की जखम आतच चिघळते. त्यापेक्षा हेअर ड्रायरची गार हवा कडेने सोडा. बोटं निळसर पडली, बधिर झाली किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. प्लास्टर आवळलं की काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात.

हात झोळीत घालून महिनाभर गप्प बसणंही चूकच. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर दर तासाला दहा वेळा मूठ वळा-उघडा, खांदा हलवत राहा. नाहीतर हाड जुळतं आणि खांदा आखडतो.

कोपर मोडलं असेल तर तेल लावून, ओढून 'मोकळं' करून देणाऱ्यांपासून लांबच राहा. जोरजबरदस्तीने स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि मग कोपर वाकतच नाही. तंबाखू, गुटखा, विडीने हाड उशिरा जुळतं. कळण्याची भाकरी, डाळ, दूध पोटभर खा.

प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं हात ठेवून मनगट वर-खाली करा. मग कोपर काटकोनात, अंगाला चिकटवून, तळवा वर-खाली फिरवा, दिवसातून तीनदा. हे दुखेनासं झालं की अर्धा लिटरची भरलेली बाटली घ्या. दंड-जोर आधी भिंतीला, मग टेबलाला, शेवटी जमिनीवर.

मोडलेल्या जागी दाबलं तर दुखत नाही, तळवा दुसऱ्या हाताइतका फिरतो, पकड नव्वद टक्के आली आणि एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, एवढं झालं की कुस्ती-कबड्डीचा विचार करा. आधी एकट्याने सराव, मग जोडीदारासोबत हळू, मग झोंबाझोंबी. ऑपरेशनमध्ये हाडाला बसवलेली प्लेट काढून घेतली असेल तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड पुन्हा कच्चंच असतं. आखाड्यात कधी उतरायचं ते सर्जनला विचारा, वस्तादांना नाही.