दमट हवेत, चिखलातून पहाटेचा लाँग रन कसा करावा

पहाटे गार असतं, तेव्हा धावणं सोपं जाईल, हा हिशेब दमट दिवसांत चुकतो. तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि म्हणूनच सापेक्ष आर्द्रता तेव्हा सर्वाधिक असते. घाम येतो, पण वाळत नाही, नुसता निथळतो. अंग गार होतं ते घामाची वाफ झाल्यामुळे. त्यात चिखलात प्रत्येक पाऊल थोडं मागे सरकतं. म्हणून किलोमीटर आणि पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) दोन्ही बाजूला ठेवा आणि किती वेळ धावायचं ते ठरवा. १८ किलोमीटर धावायचं असेल तर दोन तास धावा, अंतर होईल तेवढं होईल.

आदल्या रात्री

ॲपवर आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा दवबिंदू बघा. टक्के तापमानाबरोबर वरखाली होतात, दवबिंदू मात्र हवेत बाष्प खरोखर किती आहे ते सांगतो. तो २० अंश सेल्सियसच्या वर असेल तर वेग कमी ठेवावाच लागतो. २४ च्या वर गेला तर रन सरळ छोटा करा. विजांचा इशारा असेल तर झोपा. मार्ग छोट्या फेऱ्यांचा निवडा, म्हणजे पाणी एकाच जागी ठेवता येतं आणि थांबावंसं वाटलं तर घर लांब नसतं.

बूट आणि कपडे

झिजलेल्या, सपाट तळाचे बूट इथे उपयोगाचे नाहीत. तळाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर खोल दाते हवेत, आणि चिखल झडून जावा म्हणून ते एकमेकांपासून लांब हवेत. वॉटरप्रूफ बुटांच्या मोहात पडू नका. वरून एकदा पाणी आत शिरलं की ते आतच राहतं. लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातूनही ओवा, टाच हलता कामा नये. सुती मोजे आणि सुती टी-शर्ट नकोत. मांड्या, काखा, छाती आणि पायाची बोटं यांना पेट्रोलियम जेली लावा, आणि जरा सढळ हातानेच.

धावताना

पहिली वीस मिनिटं मुद्दाम रेंगाळत धावा. अख्खं वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. नंतर त्याच वेगालाही हृदयाचे ठोके हळूहळू वाढत जातात. ते वाढले की वेग उतरवायचा, घड्याळाशी भांडायचं नाही.

चिखलात पावलं आखूड आणि भरभर टाका. पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे. पुढे लांब टाकला की टाच घसरते. हात थोडे बाहेर पसरून धावा, दिसायला विचित्र, पण तोल राहतो. डबक्याच्या तिरक्या, गुळगुळीत काठावरून जाण्याऐवजी तळ माहीत असेल तर सरळ मधूनच जा, बूट तसेही भिजणारच आहेत. ओली मुळं, शेवाळलेले दगड आणि लाकडी फळ्या यांच्यावर मात्र वळू नका, ब्रेकही मारू नका. उतार फारच निसरडा असेल तर चाला. त्यात कमीपणा काही नाही.

धुकं असेल तर डोक्यावरचा दिवा डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. तो कमरेला बांधा किंवा हातात धरा, जमिनीचे उंचसखल भाग लगेच दिसू लागतात.

पाणी

तहान लागेल तसं, थोडं थोडं प्या. तास-दीड तासापेक्षा जास्त धावणार असाल तर सोबत मीठही हवं. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन उलट वाढलं असेल तर जरुरीपेक्षा जास्त प्यायलात, आणि रक्तातलं सोडियम कमी झालं तर तेही धोक्याचं.

चक्कर, मळमळ, अंगावर काटा किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर तिथेच थांबा, अंगावर पाणी ओता आणि मदत मागा. गोंधळ हे उष्माघाताचं लक्षण असू शकतं, अशा वेळी एकट्याने घरी चालत जायचं नाही.

परतल्यावर

आधी पाय साबणाने धुवा आणि ओरखडे तपासा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग जखमेवाटे होऊ शकतो. पुढच्या महिनाभरात ताप आला तर चिखलातून धावल्याचं डॉक्टरांना सांगा. पोटऱ्या आणि मांड्यांची आतली बाजू नेहमीपेक्षा जास्त दुखेल, दुसरा दिवस हलका ठेवा. बुटांतले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. दोन तासांनी बोळे बदला, पुढच्या टोकाशी ओल सगळ्यात जास्त वेळ टिकते.