परदेशी सून किंवा जावई खानदेशात कायम राहणार असेल, तर व्हिसाची तयारी कशी करावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली मुले-मुली नोकरीनिमित्त आखाती देशांत आणि युरोपात जाऊ लागल्यापासून परदेशी नागरिकाशी लग्न ही गोष्ट खानदेशात फारशी नवलाची राहिलेली नाही. अशा लग्नात मंगल कार्यालय आणि आचारी यांची चौकशी कित्येक महिने आधी होते, व्हिसाची चौकशी मात्र पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर सुरू होते. वास्तविक क्रम याच्या उलट हवा, कारण परदेशी जोडीदाराच्या भारतातील वास्तव्याचा सगळा डोलारा विवाहनोंदणीवर उभा असतो. एंट्री व्हिसा त्या दाखल्यावर मिळतो आणि पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला वेगळ्या व्हिसाशिवाय भारतात राहू देणाऱ्या कार्डासाठी, लागणारी दोन वर्षेही नोंदलेल्या विवाहाचीच मोजली जातात. मांडव वैशाखात पडो की मार्गशीर्षात, नोंदणी आधी उरकून घ्यावी.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 वधू आणि वर दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. त्यामुळे मुलगा हिंदू आणि मुलगी ख्रिस्ती असताना गावात सप्तपदी झाली आणि ग्रामपंचायतीकडून दाखलाही मिळाला, तरी ते लग्न कायद्याने वैध ठरत नाही. ग्रामपंचायतीची नोंद झालेल्या लग्नाची नोंद घेते, मुळात अवैध असलेल्या लग्नाला ती वैध करू शकत नाही. दाखला हातात आहे म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि अडचण व्हिसाच्या खिडकीशी कळते. भिन्नधर्मीय जोडप्यासाठी सरळ मार्ग विशेष विवाह कायदा, 1954 हाच आहे. धार्मिक विधी आधीच झाला असेल, तर याच कायद्याच्या कलम 15 खाली त्या लग्नाची नोंदणी करता येते.

या कायद्यानुसार दोघांपैकी किमान एकाने नोटीस देण्यापूर्वी त्या जिल्ह्यात सलग 30 दिवस वास्तव्य केलेले असावे लागते, त्यामुळे मुलगा परदेशातून सुटीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी नोटीस द्यायला गेला, असे चालत नाही. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर ती 30 दिवस कार्यालयात प्रसिद्ध केली जाते आणि त्या काळात हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून सुटी, व्हिसाची मुदत आणि नोटिशीची तारीख हे तिन्ही एकाच कागदावर मांडून मगच विमानाचे तिकीट काढावे. परदेशी व्यक्तीकडून अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला मागितला जातो. पूर्वी घटस्फोट झाला असेल तर त्याचा हुकूमनामाही लागतो. हे कागद ॲपोस्टील केलेले असावेत, म्हणजे ते खरे असल्याचा, करारातील सर्व देशांत चालणारा शिक्का ते ज्या देशातून निघाले त्या देशाकडून त्यांच्यावर घेतलेला असावा. भारत ॲपोस्टील करारात 2005 पासून आहे, पण कागद ज्या देशातून निघतो तो देश करारात नसेल, तर तेथील भारतीय दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. लग्न परदेशातच झाले असेल तर त्या विवाह दाखल्यालाही हाच नियम लागू होतो. परदेशातील भारतीय दूतावासात परकीय विवाह कायदा, 1969 खाली लग्न करण्याचीही सोय आहे.

येथे एका रिवाजाविषयी सावध केले पाहिजे. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहून सुनेचे नाव बदलण्याची आपल्याकडे हौस असते. ती हौस घरात अवश्य भागवावी, परंतु विवाह दाखल्यावर, भाडेकरारावर किंवा बँकेच्या कागदांवर तिच्या पासपोर्टावरील नावच अक्षरशः तसेच लिहावे. पासपोर्टावर एक नाव आणि दाखल्यावर नवऱ्याचे नाव व आडनाव लावलेले दुसरेच नाव असेल, तर या दोन्ही व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करण्यात महिने जातात. मुलाच्या कागदांचेही तेच: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टावर ‘चौधरी’चे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे असणे हे आपल्याकडे अपवादाने घडत नाही, म्हणून ते आधीच एकसारखे करून घ्यावे.

विवाह दाखला हाती आल्यावर एंट्री व्हिसासाठी, म्हणजे कागदोपत्री ज्याला ‘एक्स’ व्हिसा म्हणतात त्यासाठी, परदेशी जोडीदाराने आपण राहत असलेल्या देशातील भारतीय दूतावासाकडे अर्ज करावा. अर्ज भारत सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर भरून त्याची प्रत सही करून द्यायची असते. सोबत विवाह दाखला, भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट आणि भारतातील पत्त्याचा पुरावा जोडावा. मुलगी एका देशाची नागरिक आणि नोकरीला दुसऱ्या देशात, उदाहरणार्थ फिलिपिन्सची आणि दुबईत, अशी स्थिती असेल तर तेथील निवास परवाना जोडावा लागतो आणि तिच्या मूळ देशाकडे विचारणा होत असल्याने वेळही जास्त लागतो. ई-टुरिस्ट व्हिसावर यायचे आणि इथे आल्यावर व्हिसा बदलून घ्यायचा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो व्हिसा सामान्यतः वाढवताही येत नाही आणि बदलताही येत नाही, तेव्हा हा सल्ला ऐकू नये.

180 दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने आगमनापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. ती परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठीच्या ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होते, आणि आपल्या जिल्ह्यांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणून पोलीस अधीक्षकांचे कार्यालय काम पाहते. यासाठीचे जुने कायदे जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, 2025 लागू झालेला आहे, त्यामुळे ओळखीच्या कोणी पूर्वी भरलेल्या अर्जाची नक्कल करण्याऐवजी संकेतस्थळावरील चालू सूचना वाचाव्यात. परदेशी व्यक्ती घरी उतरल्यावर यजमानाने द्यायची माहिती, जी आजवर ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाते, तीही विसरू नये; हॉटेलांप्रमाणे ती घरमालकालाही द्यावी लागते.

पत्त्याचा पुरावा ही एकत्र कुटुंबातली खरी डोकेदुखी आहे. वीजबिल आजोबांच्या नावावर, ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, वडिलांच्या नावावर आणि अर्ज सुनेचा, असे चित्र सर्रास दिसते. ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचे संमतीपत्र, त्यांचे आधार कार्ड आणि नमुना 8 चा ताजा उतारा एकत्र जोडल्यास काम सोपे होते. यानंतर पोलीस ठाण्यातून गोपनीय विभागाचा कर्मचारी चौकशीला येतो. तो ओट्यावर बसून चहा घेता घेता शेजारच्या आजीलाच विचारतो, आणि ‘आठेच ऱ्हास ती’ (इथेच राहते ती) एवढे आजीने सांगितले की अर्धी चौकशी तिथेच संपते. जोडपे खरोखर एकत्र राहते का, एवढेच त्याला पाहायचे असते, म्हणून त्या दिवशी दोघांनीही घरी असावे.

एंट्री व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या दोनेक महिने आधीच भरावा.

नोंदलेला विवाह अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असला, की नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ खाली ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान किंवा बांगलादेशाच्या आजी-माजी नागरिकांना आणि ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा-पणजी तेथील नागरिक होते त्यांना हे कार्ड मिळत नाही. भारतात अर्ज केल्यास शुल्क 15,000 रुपये आहे आणि जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षा यंत्रणांची पूर्वसंमती आवश्यक असल्याने निकालाला वेळ लागतो. तोवर व्हिसा चालू ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. मुंबईला मूळ कागद दाखवण्यासाठी बोलावणे आले, तर झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर विसंबून भुसावळहून गाडीत बसू नये. कार्ड मिळाल्यावर भारतात येण्या-राहण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही आणि पोलिसांकडील नोंदणीही संपते. घटस्फोट झाल्यास मात्र विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते.

ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे रावेर-यावलकडे केळीचे शेत घेताना सुनेचे नाव खरेदीखतात घालण्याचा आग्रह सासऱ्यांनी धरू नये. ज्यांना नागरिकत्वच हवे असेल, त्यांना भारतीय व्यक्तीशी विवाह झालेला असताना भारतात सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने त्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते.